घरात करणीचा संशय शिरला तर काय करावे

करणी, मूठ, शाप, तळतळाट यांवर विश्वास आहे का, असे महाराष्ट्रात कोणालाही थेट विचारले तर बहुतेक वेळा "विश्वास असा नाही, पण करून बघायला काय जातं?" हेच उत्तर ऐकू येते, आणि त्यावरून काहीही कळत नाही. लोक काय म्हणतात यापेक्षा काय करतात ते पाहावे. नव्या ट्रकच्या पुढच्या बाजूला लिंबू-मिरची लटकते, अर्धवट बांधलेल्या इमारतीवर काळी बाहुली टांगलेली असते, तान्ह्या बाळाच्या गालाला काजळाची तीट असते आणि परगावाहून आलेल्या मुलावरून आई तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकते. यात शिकलेले आणि न शिकलेले असा भेद फारसा आढळत नाही. म्हणून भूत असते की नसते हा वाद घरात घालण्यात अर्थ नाही. तो सहसा कोणी जिंकत नाही, आणि जिंकला तरी घरात आजारी पडलेल्या माणसाला त्याचा उपयोग होत नाही.

हे मार्गदर्शन अशा व्यक्तीसाठी आहे, जिला एके दिवशी गावाहून फोन येतो की "घरात काहीतरी बाहेरचं आहे, तू येऊन जा", किंवा जी गावातच शिक्षिका, आशा कार्यकर्ती, पोलीस पाटील अथवा घरातली त्यातल्या त्यात शांत डोक्याची सून आहे. तिने डोळ्यांसमोर एकच उद्दिष्ट ठेवावे: संशयाला जिवंत माणसाचे नाव चिकटू द्यायचे नाही. नाव निघेपर्यंत प्रकरण घरापुरते असते आणि सावरता येते. नाव निघाले की ते गावाचे होते, आणि मग ज्याचे नाव निघाले त्याच्या जिवाला धोका निर्माण होतो.

संशय कोणत्या पायरीवर आहे ते आधी ओळखावे

घरातल्या लोकांच्या बोलण्यातून हे लवकर कळते. दृष्ट लागली असे म्हणताना ती नेमकी कोणाची, हे कोणी खोदून विचारत नाही. ती आल्यागेल्याची असते, मोहऱ्या विस्तवावर तडतडल्या की विषय संपतो. बाधा झाली असे म्हटले तर दोष मेलेल्याकडे जातो. पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरच्या आसरा, बाळंतपणात गेलेली हडळ यांच्या नावाने उतारा टाकला जातो, नारळ किंवा कोंबडा दिला जातो, खर्च होतो. पण त्यात शेजारच्या घरावर कोणी चालून जात नाही. करणीचे तसे नाही. करणी करायला जिवंत माणूस लागतो, आणि तो बहुधा ओळखीतलाच असतो: बांधाला बांध लागून असलेला भाऊबंद, मूल नसलेली जाऊ, एकटी राहणारी विधवा चुलती. त्यामुळे "काहीतरी लागलंय" या वाक्याच्या जागी "कोणीतरी केलंय" हे वाक्य घरात ऐकू येऊ लागले की पायरी बदलली असे समजावे आणि त्याच दिवशी हालचाल करावी.

फोनवरच चार गोष्टी विचारून घ्याव्यात. आजारी कोण आहे आणि कधीपासून? करणी हा शब्द घरात सर्वांत आधी कोणी उच्चारला? कोणाकडे "बघायला" नेले होते का? आणि कोणाचे नाव निघाले आहे का? शेवटचा प्रश्न सहज बोलण्याच्या ओघात विचारावा, कारण थेट विचारल्यास समोरचा माणूस एक तर गप्प होतो किंवा आतापर्यंत मनातच असलेले नाव पहिल्यांदा उच्चारून टाकतो.

घरी पोचल्यावर हसू नये, कोणाला अडाणी म्हणू नये आणि विज्ञानाचे व्याख्यान देऊ नये. ज्या घरात एकदा चेष्टा होते तिथून पुढच्या वेळी फोन येत नाही. ती मंडळी परस्पर देवऋषीकडे जातात. घरातल्या ज्येष्ठ स्त्रीजवळ आधी बसावे, कारण काय करायचे हा निर्णय बहुतेक घरांत प्रत्यक्षात तिचाच असतो, कर्ता पुरुष कोणीही असो. "आई, आधी काय काय झालं ते सगळं सांगा" असे म्हणून तिला पूर्ण बोलू द्यावे. भीतीचे कारण खोटे असले तरी भीती खरी असते. आणि घाबरलेल्या माणसाचे ऐकून घेतले की तो पुढचे दोन शब्द ऐकण्याच्या मनःस्थितीत येतो.

आजारी माणूस आधी दवाखान्यात

या बाबतीत तडजोड करू नये. मात्र अंगारा की औषध असा पेच घरासमोर टाकू नये. अंगारा कपाळाला लावून दवाखान्यात जाता येते, ताईत दंडाला बांधलेला असताना सलाईन लावता येते. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात, जिथे बाधा उतरवून घेण्यासाठी दूरदूरहून लोक येतात, दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराची सोय करून "दवा आणि दुवा" असा उपक्रम चालवला गेला आहे. मेळघाटातही भूमकांना, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैदूंना, आरोग्य केंद्राशी जोडून घेण्याचे प्रयत्न झाले. हा मार्ग सर्वांनाच पसंत पडत नाही, अंधश्रद्धेला अप्रत्यक्ष मान्यता मिळते असा आक्षेप त्यावर घेतला जातो. पण रुग्ण समोर तळमळत असताना तत्त्वाची शुद्धता दुसऱ्या क्रमांकावर ठेवावी असे माझे मत आहे.

काही अवस्था "बाहेरच्या"सारख्या दिसतात आणि त्यांत तासातासाला महत्त्व असते. मण्यार हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, तेव्हा बऱ्याचदा ना वेदना होते ना सूज येते. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे घोगरे होते. साप कोणी पाहिलेला नसतो, त्यामुळे रात्रीत काहीतरी "लागले" असा समज होतो आणि माणूस मांत्रिकापुढे बसवला जातो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर प्रतिविष हाच उपचार आहे आणि तो सरकारी रुग्णालयात मिळतो. मांत्रिकाच्या हाताला गुण आहे असे जे अनुभव सांगितले जातात त्यांचे कारणही इथेच सापडते: धामण, दिवड, कवड्या असे बिनविषारी साप चावल्याच्या घटना पुष्कळ असतात, विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो, आणि असे रुग्ण कोणताही मंत्र घातला तरी बरे होतात, न घातला तरी बरे होतात. विंचवाचेही तसेच. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे मरत असत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिल्यावर ते मृत्यू मोठ्या प्रमाणावर घटले.

दुसरी अवस्था बाळंतिणीची. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तिची झोप उडाली, ती असंबद्ध बोलू लागली, बाळ आपले नाही असे म्हणू लागली, तर ती वैद्यकीय आणीबाणी आहे. तिला व बाळाला एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. तिसरी अवस्था फारशी कोणाच्या लक्षात येत नाही: रोज दारू पिणाऱ्या माणसाने ती एकदम सोडली, मग देवाची माळ घातल्यामुळे असो की दवाखान्यात दाखल झाल्यामुळे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरतात, घाम सुटतो, भिंतीवर किडे आणि दारात माणसे दिसू लागतात. घरचे म्हणतात झपाटला. उपचार न झाल्यास हे जिवावर बेतू शकते. फीट येणाऱ्याला चप्पल हुंगवू नये; कुशीवर वळवावे, तोंडात काही कोंबू नये, आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करावा. रात्री जाग येते पण अंग हलत नाही आणि छातीवर कोणीतरी बसल्यासारखे वाटते, हा झोपेचा एक प्रकार आहे आणि सहसा निरुपद्रवी असतो, एवढे सांगितले तरी पुष्कळांची भीती उतरते. मनाच्या आजाराविषयी घरबसल्या विचारायचे असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीतूनही सल्ला देतो.

भानामती असेल तर वही उघडावी

मराठवाड्यात आणि विदर्भाच्या काही भागांत भानामतीच्या तक्रारी ठरावीक साच्याच्या असतात. पेटीतले कपडे आपोआप पेटतात, छपरावर दगड पडतात, शिजलेल्या अन्नात शेण किंवा केस निघतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी अशी अनेक प्रकरणे सोडवली आहेत, आणि त्यांची पद्धत कोणत्याही घरात वापरता येण्याइतकी साधी आहे.

एक वही घ्यावी आणि प्रत्येक घटनेची वेळ, जागा, वस्तू, त्या वेळी घरात कोण कोण होते आणि ती पहिल्यांदा कोणाला दिसली, एवढे लिहावे. अर्थ लावू नये, फक्त लिहावे. घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळे बोलावे आणि एक प्रश्न सर्वांना विचारावा: पेट घेताना तुम्ही स्वतः पाहिले, की पेटलेले पाहिले? जवळजवळ सगळ्यांनी पेटलेलेच पाहिलेले असते. अंगावरच्या फुल्या बारकाईने पाहाव्यात. बिब्ब्याच्या कवचातले तेल काळपट व चिकट असते. ते लागल्यावर कातडीवर आधी काळा डाग दिसतो आणि मग फोड येतो, त्यामुळे फुली "उमटली" ती वेळ आणि तेल लागले ती वेळ यांत अंतर पडते. या फुल्या मांडीवर, पोटावर, दंडावर असतात. दोन खांद्यांच्या मधोमध पाठीवर, जिथे स्वतःचा हात पोचत नाही, तिथे त्या सहसा नसतात. फुल्या उजव्या हाताच्या टप्प्यात आहेत की डाव्या, तेही पाहावे. बिब्बा तर गावाकडच्या बहुतेक घरांत औषधासाठी ठेवलेला असतोच. आगीला काडेपेटी पुरते. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडले तर काही वेळाने आपोआप ज्वाला निघते, म्हणजे हात लावणारा तोवर अंगणात जाऊन सर्वांबरोबर उभा राहू शकतो.

आठवडाभराच्या नोंदी समोर ठेवल्या की बहुधा एक व्यक्ती प्रत्येक घटनेच्या आसपास आढळते. खात्री करायची असेल तर घरातल्या एकेकाला काही दिवस नातेवाइकांकडे पाठवून घटना थांबतात का ते पाहावे. ही व्यक्ती सापडली की खरे नाजूक काम सुरू होते. ती बहुधा घरात सर्वांत दुबळी असते: शाळा सोडायला लावलेली मुलगी, नको त्या स्थळाला होकार द्यायला भाग पाडलेली तरुणी, माहेरी जाऊ न दिलेली सून, चुलत्याकडे आश्रयाला राहिलेला मुलगा. तिचे ऐकणारे कोणी नसते. भानामती सुरू झाल्यापासून मात्र सगळे घर तिच्याभोवती जमते. तिला चारचौघांत उघडे पाडू नये. तसे केल्यास तिला मार बसेल आणि पुढे कोणी कधी खरे सांगणार नाही. तिच्याशी एकट्याने, शक्यतो एखाद्या स्त्रीच्या उपस्थितीत बोलावे, "हे आता होणार नाही, आणि कोणाला कळणारही नाही" असा शब्द द्यावा आणि तो पाळावा. घराला एवढेच सांगावे की कारण सापडले आहे आणि प्रकार बंद होतील. त्यानंतर मूळ दुखणे हाताळावे. अल्पवयीन मुलीने किंवा मुलाने छळाची, विशेषतः लैंगिक छळाची, गोष्ट सांगितली तर ती कुटुंबात मिटवू नये. १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

शाळेत किंवा आश्रमशाळेत एकापाठोपाठ अनेक मुली घुमू लागल्या, किंचाळू लागल्या, तर त्यांना एकमेकींपासून दूर न्यावे, बघ्यांची गर्दी हटवावी आणि पूजा-अर्चेचा देखावा मांडू नये. गर्दी आणि देखावा मिळाला की असे प्रकार लांबतात.

देवऋषीकडे जायचेच ठरले तर

अनेकदा घरातली वडीलधारी मंडळी ऐकत नाहीत. अशा वेळी दारात आडवे पडण्यापेक्षा सोबत जावे आणि निघण्यापूर्वी काही अटी घरच्यांकडून कबूल करून घ्याव्यात. चालू औषध बंद होणार नाही. रुग्णाला मारहाण, उपास, मिरचीची धुरी किंवा चटके दिले जाणार नाहीत; मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटफुगीवर तापलेल्या विळ्याने डागण्याची "डंबा" ही प्रथा आहे, तिच्यासारखे काही सुरू होताना दिसले तर बाळ उचलून बाहेर पडावे. स्त्रीला किंवा मुलाला देवऋषीबरोबर बंद खोलीत एकटे सोडले जाणार नाही. घरातले सोने, जमिनीचे कागद आणि गुप्तधन यांचा विषय निघाला तर तिथून उठायचे. गुप्तधनाच्या नादाचा शेवट कुठवर जाऊ शकतो हे जून २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे दिसले: एकाच कुटुंबातील ९ जण मृतावस्थेत सापडले, आधी ती सामूहिक आत्महत्या वाटली, पण पोलीस तपासात मांत्रिकाने विष दिल्याचे समोर आले. आणि सर्वांत महत्त्वाची अट ही की देवऋषी कोणाचे नाव घेऊ लागला, किंवा नाव न घेता खूण सांगू लागला, तर बैठक तिथेच संपवायची.

खूण सांगण्याची तऱ्हा समजून घेण्यासारखी आहे. "उगवतीला राहते, सावळी आहे, तुमच्या घरी तिचं येणं-जाणं आहे, देण्याघेण्यावरून बोलाचाली झालेली आहे" असे तो म्हणतो. उगवतीला कोणी ना कोणी राहतेच, सावळे कोण नसते, आणि देण्याघेण्यावरून बोलाचाली न झालेले शेजारी सापडणे कठीण. नाव तो उच्चारत नाही; ते घरचेच उच्चारतात आणि तो मान डोलावतो. म्हणून सोबत गेलेल्या शहाण्या माणसाने खूण ऐकताच त्याच खुणांचे दुसरे, शक्यतो स्वतःच्याच घरातले नाव मोठ्याने घ्यावे: "म्हणजे आमच्या आत्याच की! त्याही पूर्वेलाच राहतात." हा उपाय थोडा आगाऊपणाचा आहे, पण संशयाचा रोख मोडायला तो पुरतो.

लिंबू कापल्यावर रक्त निघाले, नारळातून केस किंवा लाल चिंध्या निघाल्या, तर गांगरू नये. चाकूच्या पात्याला मिथिल ऑरेंजसारखे रंगद्रव्य आधी लावून वाळवलेले असते, लिंबाच्या आम्लाने ते लाल होते. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो. त्यातून हव्या त्या वस्तू आत सारून शेंडी पुन्हा नीट बसवता येते. पाणी शिंपडताच पेटणाऱ्या नारळाच्या शेंडीत सोडियम दडवलेले असते. यावर वाद घालण्याऐवजी आपला लिंबू, आपला नारळ आणि आपली विळी पुढे करावी. "आज मुहूर्त नाही" असे उत्तर बहुधा मिळते, आणि ते घरच्यांच्या कानावर पडले म्हणजे आपले काम झाले.

नाव निघालेच तर

इथून पुढे समजूत घालण्याचा भाग संपतो. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवलेल्या बायकांना गाव सोडावे लागते. ज्यांची नावे निघतात त्यांच्याकडे नीट पाहिले तर त्यांत विधवा, निपुत्रिक, एकट्या, म्हाताऱ्या आणि नावावर थोडीफार जमीन असलेल्या बायका पुन्हा पुन्हा दिसतात. करणीचा संशय पैसेवाल्या पाटलावर क्वचितच का जातो, हे संशय घेणाऱ्यांनाही कधी तरी विचारावे.

सर्वांत आधी त्या व्यक्तीला सुरक्षित जागी हलवावे, आणि जमाव जमत असेल तर ११२ वर फोन करावा. अमावास्या, गावातला अचानक मृत्यू आणि त्यानंतरची रात्र या वेळा विशेष धोक्याच्या असतात. तंटामुक्ती समितीपुढे किंवा भावकीच्या बैठकीत हा विषय नेऊ नये, कारण तिथे समेट म्हणजे बहुधा त्या बाईने देवळात शपथ घ्यावी, दिव्य करावे किंवा "पुन्हा करणार नाही" असे लिहून द्यावे, आणि असे लिहून देणे म्हणजे न केलेल्या गुन्ह्याची कबुली होते. मारहाणीचे चित्रण कोणाकडे असेल तर ते पोलिसांसाठी जपावे. गटागटांवर फिरवू नये.

कायदा या ठिकाणी बराच स्पष्ट आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच, अनेक वर्षे रखडलेल्या विधेयकाचा अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याचे लांबलचक अधिकृत नाव लक्षात ठेवण्याची गरज नाही. पोलीस ठाण्यात "२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा" म्हटले तरी कळते. त्याच्या अनुसूचीत १२ प्रकारची कृत्ये दिली आहेत. अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने जनावराचे दूध आटवते असे सांगून तिच्याविषयी संशय निर्माण करणे हाच त्यात गुन्हा आहे. मारहाण होईपर्यंत थांबावे लागत नाही. करणीच्या नावाखाली मारणे, नग्न धिंड काढणे, दैनंदिन व्यवहारांवर बंदी घालणे, भूत उतरवण्यासाठी बांधून चटके देणे, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवणे हेही त्यात आहे. शिक्षा किमान ६ महिने ते कमाल ७ वर्षे कारावास आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड अशी आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तक्रारीत "आमच्यावर अन्याय झाला" असे मोघम न लिहिता कोणी, कोणत्या दिवशी, कोणासमोर, नेमके कोणते शब्द उच्चारले ते लिहावे, कारण या कायद्यात शब्दांनाच पुराव्याचे वजन असते. ठाणे हद्दीबाहेरचे असले तरी गुन्हा नोंदवून घेणे बंधनकारक आहे, तक्रारीची प्रत विनामूल्य मिळते, आणि नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो. वाळीत टाकले असेल तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा वेगळा लागू होतो. सीमाभागातल्या वाचकांसाठी एवढेच, की कर्नाटकात २०१७ चा आणि गुजरातमध्ये २०२४ चा अशाच स्वरूपाचा कायदा आहे.

घरचे लोक "मग आता देवपूजाही गुन्हा का?" असे विचारतात. नाही. वारी, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, घरची पूजा, इतकेच काय पण ज्योतिषाचा सल्लाही या कायद्यातून स्पष्टपणे वगळलेला आहे. हे आवर्जून सांगावे. त्याने निम्मा विरोध मावळतो.

तळतळाटाचे काय करावे

करणीपेक्षा शांत, पण अधिक खोल रुजलेली समजूत म्हणजे आपल्या घराला कोणाचा तरी शाप आहे. कर्ती माणसे लवकर जातात, संततीत अडचणी येतात, जमीन टिकत नाही, आणि मग पितृदोषाचे विधी आणि त्र्यंबकेश्वरच्या फेऱ्या सुरू होतात. इथे उपयोगी पडते ती पुन्हा वहीच. घरातल्या गेल्या दोन पिढ्यांच्या घटना वर्षवार लिहाव्यात, वाईट तशा चांगल्याही. मुलीची नोकरी, बोअरला लागलेले पाणी, टळलेला अपघात हेही त्यात आले पाहिजे, कारण शापाच्या कथेत ते नेहमी गळलेले असते. मृत्यूंपुढे कारणे लिहावीत. मधुमेह, हृदयविकार किंवा सिकलसेल दोनतीनदा आला तर शापाऐवजी घरातल्या सर्वांची रक्ततपासणी करून घ्यावी.

काही तळतळाटांच्या मुळाशी मात्र खरी तक्रार असते. बहिणीकडून गोड बोलून हक्कसोडपत्रावर सही घेतलेली असते, विधवा वहिनीला सातबाऱ्यावरून हळूच उतरवलेले असते, मजुराचे पैसे बुडवलेले असतात, आणि घरात दुःख आले की ज्याने हे केले त्यालाच रात्री झोप येत नाही. त्याला शाप नसतो म्हणून सांगून उपयोग होत नाही, कारण त्याला भीती शापाची कमी आणि स्वतःच्या कृत्याची जास्त असते. अशा वेळी विधीसाठी काढून ठेवलेल्या रकमेचा हिशेब मांडावा आणि तलाठ्याकडे जाऊन बहिणीचे नाव सातबाऱ्यावर कसे चढवता येईल ते विचारावे, किंवा निदान तिला घरी बोलावून तिच्या वाट्याविषयी चारचौघांसमोर बोलावे. विधी करायचा की नाही, हे त्यानंतर घराने ठरवावे.